९७ टक्के काम पूर्ण, तरी लिंक बंद : गोव्यातील दूरसंचार प्रकल्प का रखडतात

प्रश्न फोंड्याच्या एका स्थापत्य अभियंत्याचा आहे. आठ वर्षे इमारतींची कामे पाहिल्यानंतर ते आता दूरसंचाराच्या पायाभूत सुविधा उभारणाऱ्या एका कंपनीत प्रकल्प व्यवस्थापक झाले आहेत. सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे या तालुक्यांत ६० किलोमीटर ऑप्टिकल फायबर आणि १४ टॉवर असे काम त्यांच्याकडे आले असून मुदत येत्या मे महिन्याच्या अखेरची आहे. ते विचारतात की चर खणणे, डक्ट (केबल ओढण्यासाठीची नळी) टाकणे, केबल ओढणे, टॉवर उभा करणे यांपैकी एकही काम इमारतीच्या कामापेक्षा अवघड नाही, मग या क्षेत्रातले प्रकल्प इतके का रखडतात. वेळापत्रक नेमके कसे आखावे. आणि त्यासाठी एखादे सॉफ्टवेअर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उपयोगी पडेल का. मी गेली २२ वर्षे हेच काम गोव्यात आणि शेजारच्या कोकणपट्टीत करीत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कामे सोपी आहेत हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते. इमारत एका भूखंडावर उभी राहते. परवाना एकदा हातात आला की कुंपणाच्या आत तुमचा शब्द चालतो, आणि चारपैकी तीन मजले झाले तर ते तीन मजले तरी डोळ्यांसमोर उभे असतात. फायबरची लाइन मात्र दुसऱ्यांच्या जमिनीवरून, दुसऱ्यांच्या रस्त्याखालून आणि दुसऱ्यांच्या पुलावरून जाते, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती अखंड झाल्याशिवाय तिचा उपयोग शून्य असतो. तरीही आपण तिची प्रगती किलोमीटरमध्ये मोजतो. माझ्या मते या क्षेत्रातला बहुतेक विलंब या एका सवयीतून निघतो.

काही वर्षांपूर्वी ४२ किलोमीटरचा एक मार्ग माझ्याकडे होता. फेब्रुवारीच्या शेवटी साप्ताहिक अहवालात ४०.६ किलोमीटर पूर्ण, म्हणजे जवळपास ९७ टक्के, असा आकडा गेला आणि मुख्यालयाकडून अभिनंदनाचा निरोपही आला. उरलेले १.४ किलोमीटर तीन ठिकाणी विभागलेले होते. एक तुकडा खाजनाच्या (बांध घालून भरतीचे पाणी अडवलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधावरचा, मानशीजवळचा (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दरवाजाजवळचा) होता. बांध उकरला आणि तो नीट बसला नाही तर भरतीचे खारे पाणी शेतात शिरेल, ही शेतकऱ्यांची भीती अगदी रास्त होती. दुसरा तुकडा रेल्वेच्या रुळांखालचा, जेमतेम ६० मीटरचा. तिसरा एका वाड्यावरचा रस्ता होता, जो आदल्या वर्षी कुणीतरी पाण्याच्या पाइपलाइनसाठी खोदून तसाच सोडून दिला होता, त्यामुळे आता कुणालाच पुन्हा खोदू द्यायचे नाही असे तिथल्या लोकांनी ठरवून टाकले होते. हे तीन तुकडे जोडायला पुढचे आठ महिने गेले, कारण मध्ये पावसाळा आला. प्रकल्पाचा वाढीव खर्च आणि विलंबाचा दंड या दोन्ही गोष्टी त्या तीन टक्क्यांनीच ठरवल्या.

साइटवरची माणसे अशा तुकड्यांना 'गॅप' म्हणतात, आणि हा शब्द दिशाभूल करणारा आहे. बाकी सगळे झाल्यावर उरते ते गॅप, असा त्यातून भास होतो. प्रत्यक्षात गॅप कुठे पडणार हे पहिल्या दिवशी मार्गावरून पायी फिरलेल्या माणसाला सांगता येते. पूल, मोऱ्या, रेल्वे, वनजमीन, खाजन, देवळासमोरचा किंवा चर्चसमोरचा चौक, नुकताच डांबरीकरण झालेला रस्ता आणि चिऱ्याचा (जांभ्याचा) उघडा कातळ, या जागा कागदावर काम सुरू होण्याआधीच ठरलेल्या असतात. तुमचा खरा प्रकल्प या जागांचा आहे. मधला मोकळा रस्ता कंत्राटदार तुमच्याशिवायही पूर्ण करील.

कंत्राटदार मोकळ्या रस्त्याकडे आधी का वळतो, याचे कारण आपणच लिहिलेल्या करारात असते. आपण त्याला मीटरच्या हिशेबाने पैसे देतो. मऊ माती असलेल्या भागात तो दिवसाला जितके मीटर काढतो, त्याच्या पाव भागही चिऱ्याच्या थरात निघत नाही, आणि दर मात्र दोन्हीकडे थोड्याफार फरकाने सारखाच. अशा वेळी त्याने अवघड जागा मागे ठेवल्या तर त्याला दोष देता येत नाही. शिवाय ज्याच्याशी करार झाला तो बहुधा स्वतः खोदत नाही; त्याच्याखाली उपकंत्राटदार, त्याच्याखाली मुकादम, आणि मुकादमाकडे रोजच्या मजुरीची चिंता असलेली वीस माणसे, अशी ती उतरंड असते. मी अलीकडे देयके दोन जॉइंट चेंबरमधील, म्हणजे केबलचे जोड ठेवलेल्या दोन भूमिगत कप्प्यांमधील, पूर्ण तुकड्यावर बांधतो: डक्ट अखंड, केबल ओढलेली, जोड झालेला आणि ओटीडीआरची (फायबरमध्ये प्रकाश सोडून तूट आणि घट किती अंतरावर आहे हे दाखवणाऱ्या यंत्राची) चाचणी दोन्ही बाजूंनी घेतलेली, तेव्हाच त्या तुकड्याचे पैसे. त्याच वेळी कातळ, मोरी आणि पूल यांचे दर वेगळे आणि खरेखुरे ठेवतो. हातात खेळते भांडवल नसलेल्या लहान कंत्राटदाराला ही अट जाचक होऊ नये म्हणून साहित्य साइटवर आल्यावर काही रक्कम आगाऊ द्यावी लागते. मुख्यालयातील वित्त विभागाला हे पटवायला मला दोन वर्षे लागली, पण त्यानंतर माझ्याकडच्या मार्गांवर शेवटच्या टप्प्यातले गॅप निम्म्यापेक्षाही कमी झाले.

आता परवानग्यांकडे येऊ. गोवा लहान आहे, सगळे मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या कंपन्यांना इथले काम सोपे वाटते. लहान प्रदेशाची अडचण ही की मालकी फार बारीक विभागलेली असते. दहा किलोमीटरच्या मार्गावर पहिला टप्पा राष्ट्रीय महामार्गाचा, पुढचा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, मधला पंचायतीचा, एक पूल, एक कालव्यालगतची जलस्रोत खात्याची पट्टी आणि शेवटी वनजमीन असे सहा मालक मला भेटले आहेत. तुमच्या तालुक्यांत तर म्हादई, भगवान महावीर आणि नेत्रावळी ही तीन अभयारण्ये आहेत. वनजमिनीसाठी १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालची प्रक्रिया वेगळी आणि अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव मंडळाकडची प्रक्रिया वेगळी, हे आधीच गृहीत धरा. यांपैकी कोणतीही प्रक्रिया एका मोसमात उरकेल असे समजून वेळापत्रक आखू नका. अभयारण्याला वळसा घालणारा मार्ग आठ किलोमीटरने लांब असेल तर तो लांबचा मार्गच बहुतेक वेळा लवकर पूर्ण होतो. तुमच्या ६० किलोमीटरमध्ये असा निर्णय कुठे घ्यावा लागेल हे आताच तपासा, कारण केबलचे ड्रम मागवल्यानंतर तो घेता येत नाही.

कायद्याची बाजू पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी झाली आहे. २०१६ च्या राइट ऑफ वे (दुसऱ्याच्या जागेतून लाइन नेण्याचा हक्क) नियमांनी अर्जावर ६० दिवसांत निर्णय देण्याचे बंधन घातले. २०२२ मध्ये या परवानग्यांच्या अर्जांसाठी गतिशक्ती संचार पोर्टल आले. आणि दूरसंचार कायदा २०२३ खालचे नवे राइट ऑफ वे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे. या तरतुदीचा आधार घेऊन यंत्र रस्त्यावर उतरवू नका, असा माझा आग्रह आहे. कागदावर तुम्ही बरोबर असाल, पण तिथल्या कनिष्ठ अभियंत्याला माहिती नसताना आणि पंचायतीला विश्वासात न घेता सुरू झालेले काम दुसऱ्या दिवशी थांबते, आणि एकदा थांबलेले काम पुन्हा सुरू करणे हे नवीन परवानगी काढण्यापेक्षा कठीण असते. अर्ज पोर्टलवर करा, त्याची छापील प्रत घेऊन स्वतः कार्यालयात जा, आणि रस्ता पूर्ववत करण्याची तुमची योजना नकाशासह दाखवा. खात्यातल्या माणसाची खरी चिंता ही असते की पावसात तो पट्टा खचला तर लोक त्याच्या दारात येतील. त्या चिंतेचे उत्तर तुमच्याकडे असेल तर सही लवकर मिळते.

वेळापत्रकाचा तुमचा दुसरा प्रश्न म्हणजे मुख्यतः पावसाचा प्रश्न आहे. ऑक्टोबर ते मे हे कागदावर आठ महिने होतात. प्रत्यक्ष हिशेब असा. रस्ता खोदण्याची परवानगी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये मिळू लागते. त्याच सुमारास दिवाळी येते आणि बिहार-झारखंडकडचे मजूर दिवाळी आणि छठ आटोपूनच परततात. म्हणजे पूर्ण ताकदीने काम सुरू होते ते नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. दुसऱ्या टोकाला, मे महिन्याच्या उत्तरार्धात खोदकाम बंद होते, पण त्याआधी खोदलेला पट्टा दाबून, खडी घालून त्यावर हॉटमिक्स डांबरीकरण व्हायला हवे, म्हणून चर खणण्याचा शेवटचा दिवस ३० एप्रिल धरावा. २० नोव्हेंबर ते ३० एप्रिल हे १६२ दिवस. त्यातून २३ रविवार गेले, होळी-शिगम्याचे आठ-दहा दिवस गेले, नाताळ, जत्रा, यंत्रातला बिघाड यांचे आणखी तितकेच धरले, की हातात सुमारे १२० दिवस उरतात. ६० किलोमीटर भागिले १२० म्हणजे रोज ५०० मीटर, एकही दिवस वाया न घालवता. आमच्या अनुभवात चिऱ्याच्या थरात एचडीडीचे (रस्ता न उकरता जमिनीखालून आडवे भोक पाडणारे) एक यंत्र दिवसाला १०० मीटरच्या आसपास काम करते. म्हणजे तुम्हाला किमान पाच यंत्रे चालू आणि एक राखीव हवे. तुमच्या सध्याच्या आराखड्यात दोन यंत्रे दाखवली असतील, तर मुदत आत्ताच चुकलेली आहे, आणि हे वरिष्ठांना ऑगस्टमध्ये सांगणे हे मार्चमध्ये सांगण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

खोदकामाच्या खोलीत तडजोड करण्याचा मोह सगळ्यांना होतो. सरकारी दूरसंचार कामांत १.६५ मीटर खोलीची पद्धत जुनी आहे आणि तिला कारण आहे: आपल्याकडे रस्त्याच्या कडेला नंतर पाण्याची, विजेची, मलनिःसारणाची लाइन येते, आणि जेसीबीचा दात पहिल्या मीटरभरात फिरतो. कातळ लागला म्हणून केबल ६० सेंटीमीटरवर टाकली तर तिथे काँक्रीटचे आच्छादन किंवा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप घातलाच पाहिजे, आणि ती जागा नकाशावर मीटरसह नोंदलीच पाहिजे.

याच्याही आधीची एक गोष्ट. एचडीडीची सळई जमिनीखाली काय आहे हे पाहत नाही. गोव्यात विजेच्या अनेक वाहिन्या आता भूमिगत झाल्या आहेत, ११ आणि ३३ किलोव्होल्टच्याही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'कॉल बिफोर यू डिग' या अॅपवर सूचना जरूर द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. वीज खात्याच्या लाइनमनला प्रत्यक्ष जागेवर बोलवा आणि हाताने चाचणी खड्डे खणून घ्या. माझ्या ओळखीच्या एका साइटवर चाचणी खड्डा वाचवला म्हणून अर्धा दिवस मिळाला आणि बावीस वर्षांच्या एका मजुराचे दोन्ही हात भाजले. त्या मुलाला मी रुग्णालयात भेटलो होतो. कोणत्याही मुदतीसाठी हा अर्धा दिवस वाचवू नका, आणि तुमच्या कंत्राटदाराने तो वाचवला तर त्या दिवशी काम बंद करा.

टॉवरचा प्रकार वेगळा आहे. तिथे अडचण मीटरची नसून सह्यांची आहे. इमारतीच्या कामात जमिनीचे कागद दुसऱ्या कुणीतरी आधीच तपासलेले असतात. इथे ते तुम्हाला पाहावे लागतील. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या हक्कांच्या उताऱ्यावर) ज्याचे नाव आहे तो भाडेकरार करायला तयार झाला म्हणजे काम झाले, असे बाहेरच्या राज्यातून आलेले सहकारी समजतात. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते, त्यामुळे करारावर दोघांचीही सही हवी. आजोबांच्या नावावरच्या भाटाचे, म्हणजे बागायती जमिनीचे, वारस मडगाव, मुंबई, लिस्बन आणि लंडन अशा चार ठिकाणी असू शकतात आणि वाटणीचा खटला अजून चालू असू शकतो. जमिनीवर मुंडकाराचे (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) घर असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि त्याला न विचारता त्याच्या अंगणाशेजारी टॉवरचा पाया खणणे हे कायद्याच्या दृष्टीनेही आणि शेजारधर्माच्या दृष्टीनेही चूक आहे. कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या सामूहिक संस्थेची, जमीन असेल तर तिची प्रक्रिया निराळी. सत्तरीत अल्वारा आणि मोकासो या पोर्तुगीज काळापासूनच्या जमीनप्रकारांचा गुंता आहे, जो तिथल्या घराघरांत ठाऊक असतो आणि आपल्या कार्यालयात कुणालाच नसतो. म्हणून १४ टॉवरसाठी किमान २८ जागा पाहून ठेवा, प्रत्येक टॉवरच्या शोधवर्तुळात (सिग्नलच्या दृष्टीने टॉवर जिथे चालेल त्या परिघात) दोन तरी पर्याय असू द्या, आणि स्थानिक वकिलाचा अहवाल आल्याशिवाय एकाही जागेसाठी टॉवरचे साहित्य हलवू नका. एकदा लोखंड जागेवर पडले की समोरच्याला तुमची घाई दिसते आणि भाडे वाढते.

लोकांचा विरोध हा व्यवस्थापकांच्या अहवालांत 'अडथळा' या रकान्यात जातो. मला हे योग्य वाटत नाही. किरणोत्सर्गाची भीती घेऊन आलेली बाई ही आपल्या मुलांची काळजी करते आहे, आणि तिला माहिती मिळण्याचा हक्क आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती ४.५ वॅट प्रति चौरस मीटरवरून ०.४५ वर आली. ही माहिती आणि तुमच्याच एखाद्या चालू टॉवरजवळ घेतलेली मोजमापे घेऊन ग्रामसभेला जा. ग्रामसभा बहुतेक रविवारी असतात. तो रविवार द्या. एका गावात मी मोजणीचे यंत्रच सोबत नेले आणि शाळेच्या आवारात, मंदिरासमोर आणि विरोध करणाऱ्या गृहस्थांच्या गच्चीवर लोकांसमोर मोजणी केली. सगळ्यांचे समाधान झाले नाही. पण शाळेपासून दूरची जागा गावानेच सुचवली, ती आम्ही घेतली, आणि आमच्या मूळ जागेपेक्षा तिथून डोंगरापलीकडच्या वाड्याला सिग्नल चांगला मिळाला.

टॉवर आणि फायबर यांच्या वेळापत्रकांची गाठ घालायला विसरू नका. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सेवा सुरू झाल्यापासून टॉवरला लागणारी क्षमता वाढली आहे आणि मायक्रोवेव्हवर (टॉवर ते टॉवर रेडिओ लहरींच्या जोडणीवर) सगळे भागत नाही. टॉवर जानेवारीत तयार आणि फायबर एप्रिलमध्ये, असे झाले तर तीन महिने भाडे आणि सुरक्षारक्षकाचा पगार फुकट जातो. जिथे मायक्रोवेव्ह वापरणे भाग आहे तिथे दोन टॉवरमधली दृष्टिरेषा प्रत्यक्ष चढून तपासा. आपल्याकडे माड आणि भेरले माड रेषेत येतात, ते दरवर्षी वाढतात, आणि उन्हाळ्यात कडेने निसटणारी रेषा चौथ्या पावसाळ्यात झावळ्यांत अडकते. वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लिंक आपल्या मुसळधार पावसात क्षीण होतात, म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेतले अंतर इथे जसेच्या तसे वापरता येत नाही. सत्तरीत तर मुळीच नाही.

उपकरणांच्या खरेदीबद्दल एवढेच सांगतो की १५ जून २०२१ पासून दूरसंचार जाळ्यात जोडायची उपकरणे सरकारने मान्य केलेल्या विश्वसनीय स्रोताकडचीच असावी लागतात. ही मान्यता खरेदी आदेशाच्या आधीची पायरी आहे आणि वेळापत्रकात तिला स्वतंत्र ओळ द्या. वीजजोडणीलाही तशीच वेगळी ओळ हवी. टॉवर उभा आहे, उपकरणे चालू होण्याच्या तयारीत आहेत आणि मीटर आलेला नाही, ही स्थिती फारच नेहमीची आहे.

आता ज्या भागाकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते, त्याविषयी. काम संपल्यावर तयार होणारा 'अॅज बिल्ट' नकाशा, म्हणजे प्रत्यक्षात जसे झाले तसा नकाशा, हा शेवटच्या देयकासाठी लागणारा एक कागद समजला जातो. एका जुलैच्या रात्री मला त्याची किंमत कळली. रात्री साडेअकराला एक लिंक तुटली आणि तिच्यावर एका तालुक्यातले बहुतेक टॉवर अवलंबून होते. ओटीडीआर जोडला, पडद्यावरची रेघ ११.४ किलोमीटरवर सरळ खाली कोसळत होती. नकाशावर ११.४ किलोमीटर मोजून आम्ही रस्त्यावर गेलो, भर पावसात, टॉर्चच्या उजेडात खोदायला सुरुवात केली, आणि दीड तास खोदूनही केबल शाबूत निघाली. कारण साधे होते. ओटीडीआर काचेची, म्हणजे केबलमधल्या फायबरची, लांबी मोजतो, रस्त्याची नाही. केबलचे ड्रम दोन किलोमीटरचे होते, म्हणजे तिथवर पाच जोड. प्रत्येक जोडाच्या चेंबरमध्ये दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटर केबल गुंडाळून ठेवलेली, ती १०० मीटर झाली. शिवाय दोन पुलांपाशी तीस-तीस मीटरची वेटोळी होती, ती ६० मीटर. तुटलेली जागा आम्ही खोदत होतो त्याच्या १६० मीटर अलीकडे होती, एका कोसळलेल्या मोरीत. नकाशावर त्या वेटोळ्यांची नोंदच नव्हती, कारण तो नकाशा मूळ आराखड्याची प्रत काढून बनवला होता. पहाटे पावणेपाचला लिंक सुरू झाली. रात्रभर त्या भागात रुग्णवाहिकेला फोन लागत नव्हता, ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून तुकड्याच्या देयकासोबतच त्या तुकड्याचा नकाशा मागा: प्रत्येक चेंबरचे जीपीएस स्थान, खोली, वेटोळ्याची लांबी, ड्रम क्रमांक, आणि दोन वेगवेगळ्या तरंगलांबींवरच्या चाचणीची मूळ फाइल. १५५० नॅनोमीटरवर काचेतली घट किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल असते आणि चांगला जोड ०.१ डेसिबलच्या आत बसतो. पहिल्या दिवशीची ही रेघ जपून ठेवली तर पाच वर्षांनी कुठला जोड बिघडतो आहे हे घरबसल्या दिसते. केबल तुटली की बहुतेक वेळा मधे नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका तुटीमागे दोन जोड वाढतात. सहा-सात वेळा तुटलेला मार्ग डोळ्यांना ठीक दिसतो, पण प्रत्येक जोडात थोडा प्रकाश गळत असल्याने त्याच्याकडचे प्रकाशाचे गाठोडे रिकामे होत आलेले असते.

जुन्या लिंकवरची वाहतूक नव्यावर नेण्याच्या रात्रीविषयीही हेच तत्त्व पाळा. काम मध्यरात्रीनंतर सुरू करा, प्रत्येक पायरी आधी लिहून काढा, आणि परत फिरण्याची वेळ आधीच ठरवा. मी ती पहाटे तीनची ठेवतो. तीन वाजता नवी लिंक स्थिर नसेल तर जुनीवर परत जायचे. त्या क्षणी कुणालाही 'आणखी दहा मिनिटे' मागण्याची मुभा नसते, मलाही नसते.

शेवटचा प्रश्न सॉफ्टवेअर आणि अभ्यासक्रमाचा. क्रिटिकल पाथचे (कोणत्या कामांच्या साखळीवर मुदत ठरते याचे) गणित तुम्हाला इमारतींच्या कामातून येतेच, त्यामुळे अभ्यासक्रम पुढच्या वर्षी केलात तरी चालेल. सॉफ्टवेअर म्हणून साधी स्प्रेडशीट पुरेल, पण तिच्या ओळी कामांच्या नकोत, तुकड्यांच्या हव्यात. दोन चेंबरमधला एक तुकडा म्हणजे एक ओळ. तिच्यात जागेचा मालक, अर्जाची तारीख, आवक क्रमांक, फाइल सध्या कुणाच्या टेबलावर आहे, जमिनीचा प्रकार, आणि सगळ्यांत शेवटी चाचणीची तारीख. दर सोमवारी वरिष्ठांना किलोमीटर कळवू नका. चाचणी झालेले सलग तुकडे किती आणि अखंड न झालेल्या जागा किती, हे दोनच आकडे कळवा. पहिले काही महिने ते आकडे वाईट दिसतील आणि तुम्हाला प्रश्न विचारले जातील. उत्तर द्या, पण मोजण्याची रीत बदलू नका.

आणि मार्गावरून पायी फिरण्यासाठी पाऊस थांबण्याची वाट पाहू नका. चाकाचे मोजणीयंत्र, छत्री आणि त्या त्या भागातला एक जाणता माणूस घेऊन रोज पाच किलोमीटर चाललात तर बारा दिवसांत ६० किलोमीटर होतात. रस्त्यावरून पाणी कुठे वाहते, कुठली मोरी तुंबते, कुठली कड खचते हे ऑगस्टमध्येच दिसते. नोव्हेंबरमध्ये तीच जागा कोरडी आणि निरुपद्रवी वाटते. सुरुवात सांग्याच्या टोकाकडून करा, कारण वन खात्याकडचे अर्ज तिकडचे असतील, आणि ते चतुर्थीच्या सुट्टीआधी दाखल व्हायला हवेत.